मालवणच्या हवेत वेटसूट वाळतो का?

खडकीतून बोलतोय, त्यामुळे मध्येच लोकलचा आवाज आला तर समजून घ्या, स्टेशन जवळच आहे.

आजचा विषय श्रोत्यांच्या प्रश्नांतूनच आलाय. तारकर्लीला स्वतःचं स्कूबाचं सामान घेऊन जायचंय, चार दिवस, उतरायचं होमस्टेमध्ये. मग ते वाळवायचं कुठे आणि सांभाळायचं कसं? प्रश्न साधा वाटतो. पण डायव्हिंगबद्दल बोलताना सगळे मासे आणि प्रवाळ सांगतात, ओल्या सामानाबद्दल कोणी बोलत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. मालवणला किल्ल्याजवळ बोटीतून नेऊन, प्रशिक्षक धरून खाली उतरवतो, फोटो काढतो, त्यात सामान त्यांचं असतं. तुमचं काम टॉवेल आणि कोरडे कपडे एवढंच. मी बोलतोय ते कोर्स केलेल्यांबद्दल. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, तिथे किंवा आणखी कुठे शिकून मग हळूहळू मास्क, फिन्स, वेटसूट, बीसीडी, रेग्युलेटर असं स्वतःचं जमवलेल्यांबद्दल.

वाळवण्याचा एवढा बाऊ का? वासासाठी नाही. बीसीडीच्या इन्फ्लेटरचं बटण बघा, ज्याने जॅकेटमध्ये हवा भरतो ते. त्यात खारं पाणी सुकलं की मिठाचे कण बसतात, जोडीला थोडी वाळू. मग एखाद्या दिवशी बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. जॅकेट फुगत जातं आणि तुम्ही पंधरा मीटरवरून फुग्यासारखे वर. घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते. म्हणजे बादलीभर गोड्या पाण्याचा कंटाळा इतका महाग पडू शकतो.

आता कोकणातली खरी अडचण. वेटसूट समुद्राच्या पाण्यासकट दोरीवर टाकला तर तो वाळतच नाही. रात्री जरा सुकल्यासारखा वाटतो, सकाळी हात लावला की परत चिकट. याला कारण मीठ. साधं मीठसुद्धा हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही आधी ओल धरतात. किनाऱ्यावरची रात्रीची हवा ही पातळी सहज ओलांडते. पावसाळ्यात आपल्या घरातल्या मिठाच्या बरणीचं काय होतं आठवा, तेच वेटसूटच्या शिवणीत होत असतं. म्हणून आधी मीठ काढायचं, मग वाळवायचं.

आणि गोडं पाणी खरंच गोडं आहे का ते बघा. तारकर्लीची पट्टी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, मचूळ होऊ शकतं. जिभेला थेंब लावून बघा. मचूळ असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने, निदान रेग्युलेटरला तरी. आणि हो, उन्हाळ्यात पाणी जपून वापरा, घरच्या काकूंना विचारून घ्या. त्यांनाही तेच पाणी पुरवायचं असतं.

रेग्युलेटर शक्यतो सिलिंडरला जोडलेला असतानाच धुवावा, हवा चालू ठेवून. ते जमलं नाही तर फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा आणि मगच पाण्यात घाला. पाण्यात असताना पर्जचं बटण दाबायचं नाही. आत दाब नसतो, त्यामुळे झडप उघडते आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बीसीडी बाहेरून धुऊन भागत नाही. आत पाणी घालायचं, हलवायचं, उलटा धरून काढायचं, दोनदा. मग अर्धवट फुगवून ठेवायचा, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत.

वाळवायला पडवी उत्तम. सावली आणि वारा. ऊन नको, उन्हाने निओप्रीन कडक होतं, चिरतं. सूट आधी उलटा करून, रुंद खांद्याच्या हँगरवर. खडकी बाजारात जाड प्लॅस्टिकचे मिळतात, दोन घेऊन जा. बारीक तारेचा हँगर खांद्यावर कायमची घडी पाडतो. बूट पालथे घाला आणि सकाळी पाय घालण्याआधी झटकून घ्या, कोकणात आत कोण मुक्कामाला येईल सांगता येत नाही. जमिनीवर काही ठेवू नका, कुत्र्यांना फिन्सचे पट्टे फार आवडतात. रूममध्ये एसी असेल तर रात्री दोन तास त्याच्यासमोर टांगा, एसी हवेतली ओल काढून घेतो.

आता सांभाळणं. माझ्या मते चोरीपेक्षा अदलाबदल जास्त होते. बोटीवर सगळ्यांचे फिन्स काळे, सगळ्यांच्या मेश बॅगा सारख्या. रंगीत टेप लावा, ऑइल पेंटने आद्याक्षरं लिहा, देवनागरीत लिहिलीत तर आणखी ठळक दिसतं. रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटरचे सिरीयल नंबर फोटो काढून ठेवा. वेटसूट बाहेर वाळू दे, तो ओला न्यायला कोणी येत नाही. कॉम्प्युटर, टॉर्च, रेग्युलेटर मात्र पाणी निथळलं की खोलीत, कुलपात. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवणं ही दोन्ही बाजूंनी वाईट कल्पना, उष्णता वेगळी आणि काच फुटण्याची भीती वेगळी.

रात्रीच्या बसने जाणाऱ्यांनी किमती वस्तू पाठीवरच्या बॅगेत, पायाशी ठेवाव्यात. डिकी कणकवलीला पहाटे उघडते तेव्हा तुम्ही झोपेत असता. अंदमानला विमानाने जात असाल तर चाकू चेक-इनमध्ये आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या, पॉवर बँक केबिनमध्ये.

शेवटचा दिवस मोकळा ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. रोज डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास थांबायला सांगतात. गाडीने परतणाऱ्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही. पण करूळ किंवा फोंडा घाट चढून आपण पुण्यात येतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. विमानाइतकी नाही, तरी उंची आहेच. डाइव्ह संपवून दुपारीच घाट चढायची घाई कशाला? तो दिवस वाळवणाला द्या. सामानही कोरडं होतं, अंगातला नायट्रोजनही निघून जातो.

घरी आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात टाकू नका. एकदा परत साध्या नळाच्या पाण्याने धुवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की गॅलरीत सावलीत टांगलेला सूट एका दिवसात खडखडीत होतो. शिवणी आणि काखेचा भाग दाबून बघा, तिथेच ओल उरते. बीसीडी दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा करा, बहुतेक वेळा अजून चमचाभर पाणी निघतं. ते बोटावर घेऊन चाखा, खारट लागलं तर आणखी एकदा धुवावा लागेल.