टीव्ही घेण्याआधी खोली पाहा

दसरा-दिवाळीला नवा टीव्ही घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी आपली खोली नीट पाहा.

दुकानात एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावं कानावर पडतील. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडी पडदाच. त्याला मागून एलईडी दिव्यांचा उजेड मिळतो. तो स्वस्त आणि बहुतेक घरांना पुरेसा. क्यूएलईडीमध्ये याच रचनेत क्वांटम डॉट्सचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक खुलतात. भरपूर उजेडाच्या खोलीला हे दोन्ही प्रकार सोयीचे. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतोही, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. मंद उजेडात सिनेमा पाहणाऱ्यांना तो आवडेल. पण किंमत जास्त, आणि वृत्तवाहिनीची एकच स्थिर पट्टी रोज तासन् तास पडद्यावर राहिली, तर तिचा कायमचा डाग उमटू शकतो.

आता आकार. पडद्याचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं घेतात. त्याच्या साधारण दीडपट अंतरावर बसावं. म्हणजे ४३ इंची टीव्हीसाठी सुमारे साडेपाच फूट. फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, पण छोट्या पडद्यावर लांबून हा फरक फारसा जाणवत नाही.

शेवटी ऊर्जाबचतीचं स्टार लेबल तपासा. आकार सारखाच असेल, तर जास्त तारे म्हणजे कमी वीज. टीव्ही अनेक वर्षं रोज चालतो. ही बचत महत्त्वाची आहे.