बाकारा: पत्ते वाटले जातात, तुम्ही फक्त बघता

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. लाल-निळ्या गोलांचा तक्ता, शेवटी सलग नऊ लाल, आणि खाली प्रश्न: "दादा, आता निळा येणारच ना?" त्याने हा तक्ता टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून घेतला होता. तिथे 'पॅटर्न' शिकवायचे पैसे घेतात म्हणे.

तर आज बाकारा. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी टी असतो, पण तो उच्चारायचा नाही. मकावच्या कॅसिनोंची बरीचशी कमाई या एकाच खेळातून येते. आपल्याकडे पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवरही याची टेबलं असतात.

खेळ सोपा आहे, अगदी आपल्या अंदर-बाहरइतका. टेबलावर दोन बाजू, 'प्लेअर' आणि 'बँकर'. ही नुसती नावं आहेत हं. प्लेअर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. तुम्ही कुठल्याही बाजूवर पैसे लावू शकता, किंवा 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर.

एक्क्याचा एक, दुर्रीपासून नव्वीपर्यंत जेवढ्यास तेवढे, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा यांचं शून्य. तीन पत्तीत ज्या राजासाठी आपण जीव टाकतो, त्याला इथे काडीची किंमत नाही! बेरीज दहा किंवा जास्त झाली तर दशक सोडून द्यायचं. सत्ती आणि छक्की म्हणजे तेरा, म्हणून तीन. ज्याचे गुण नऊच्या जास्त जवळ, तो जिंकला.

दोन्ही बाजूंना दोन-दोन पत्ते मिळतात. कुणाचे आठ किंवा नऊ झाले की डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेअर पाच किंवा कमी असेल तर तिसरा पत्ता घेतो, सहा-सातला थांबतो. बँकरचा नियम जरा किचकट आहे, कारण तो प्लेअरचा तिसरा पत्ता बघून ठरतो. उदाहरण घेऊ. प्लेअरकडे राजा आणि पंजी, म्हणजे पाच. बँकरकडे तीन. प्लेअरला तिसरा पत्ता अठ्ठी आला. पाच आणि आठ तेरा, म्हणजे तीन. बँकर तीनवर असताना एरवी पत्ता घेतोच, पण प्लेअरचा तिसरा पत्ता अठ्ठी असेल तर नाही. म्हणजे तीन-तीन, टाय. प्लेअर-बँकरवर लावलेले पैसे परत.

पण हा तक्ता पाठ करत बसू नका. तो डीलरने पाळायचा असतो. पत्ता घ्यायचा की नाही, हे तुम्हाला कुणी विचारतच नाही. रमीत डोकं लागतं, ब्लॅकजॅकमध्येही लागतं. इथे पैसे ठेवले की तुमचं काम संपलं.

आता पैशांचं. बँकर नंतर खेळतो, म्हणून थोडा जास्त जिंकतो. आठ कॅटच्या खेळात बँकर साधारण ४५.९ टक्के, प्लेअर ४४.६ टक्के, टाय ९.५ टक्के. म्हणून बँकरच्या विजयावर ५ टक्के कमिशन कापतात. शंभर लावले तर पंच्याण्णव मिळतात. कॅसिनोचा वाटा बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४ टक्के. आणि टायवर, एकाला आठ मिळतात म्हणून सगळ्यांना मोह होतो तिथे, १४.३६ टक्के! पाचशेचे शंभर डाव खेळलात, म्हणजे पन्नास हजार टेबलावरून फिरले. सरासरीने बँकरवर ५३० रुपये जातील, प्लेअरवर ६२०, टायवर ७,१८०. टायच्या चौकटीकडे बघूसुद्धा नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो लाल-निळा तक्ता. लाल म्हणजे बँकर, निळा म्हणजे प्लेअर. कॅसिनो स्वतःच हा तक्ता मोठ्या स्क्रीनवर दाखवतो. जरा विचार करा, त्यातून खरंच पुढचा डाव कळत असता तर त्याने तो झाकून नसता ठेवला? पत्त्यांना मागचं आठवत नाही. वाटून झालेल्या पत्त्यांमुळे शक्यता बदलते ती इतकी किंचित, की पत्ते मोजूनही हाती जवळपास काही लागत नाही.

हे ग्रुपवाले दुसरी एक गोष्ट शिकवतात: हरलं की दुप्पट लावा. शंभर, दोनशे, चारशे... सलग सात वेळा हरलात की १२,७०० गेले आणि पुढचा डाव १२,८०० चा. प्लेअरवर खेळताना, टाय सोडले तर, सलग सात हार साधारण ११६ प्रयत्नांत एकदा येते. शिवाय टेबलाला कमाल मर्यादा असते, म्हणजे दुप्पट करायची वेळ येते तेव्हा ते करूच देत नाहीत.

आणि फोनवरचं बाकारा? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यासाठी पैसे वळते करणं, सगळ्यावर. तरी लिंक येतातच. तिथे पत्ते कोण पिसतंय हे दिसत नाही, आणि जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्या श्रोत्याला मी उत्तर दिलं: नऊ लाल असोत की नऊ निळे, पुढचा निळा यायची शक्यता तीच, शंभरात पंचेचाळीसच्या आत-बाहेर. त्याचा रिप्लाय आला, "मग त्या ग्रुपला दोन हजार कशाचे दिले?" ग्रुपचं नाव मी इथे घेत नाही. पण तुमच्यापैकी कुणी अशी फी भरली असेल तर मेसेज करा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.