पायऱ्या दाखवा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग' असा आदेश आहे. सुरुवात एका कबुलीने करते. आपल्या ग्रुपवर मागे एक व्हिडिओ आला होता, रात्री अंगणात शिरलेल्या बिबट्याचा. आठवतो? तो मी टाकला होता. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढूनही तो एआयने बनवलाय हे मला कळलं नाही. तोच मी आईलाही पाठवला. ती गावी एकटी असते. पुढचे आठ दिवस तिने तुळशीपाशी दिवा लावला नाही. संध्याकाळ झाली की मागचं दार बंद. खोटा आहे हे कळल्यावर मी फोन केला. ती एवढंच म्हणाली, "तू पाठवलास म्हणून खरा मानला गं."

दुसरी कबुली याहून मोठी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका व्हिडिओ ॲपवर काम करत होते. माणूस एका व्हिडिओवर किती सेकंद थांबला, पुन्हा पाहिला का, अंगठा कधी सरकवला, हे मोजायचं आणि त्यावरून पुढचा व्हिडिओ निवडायचा, हे आमचं काम. सेकंद वाढले की ऑफिसात पेढे वाटले जात. खरं-खोटं मोजणारा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. मीही कधी विचारलं नाही.

पूर्वी पान संपलं की थांबावं लागे. 2006 मध्ये एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि ते थांबणं गेलं. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तरी एक मर्यादा उरली होती: व्हिडिओ कुणा माणसाला काढावा लागे. सप्टेंबर 2025 मध्ये मेटाने 'व्हाइब्स' आणि ओपनएआयने 'सोरा' आणलं. दोन्हींत एआयने बनवलेल्या व्हिडिओंचीच रांग. दोन ओळी लिहायच्या, व्हिडिओ तयार. सोराच्या व्हिडिओवर ओळखीची खूण असे. ती पुसणारी साधनंही काही दिवसांतच आली. आपल्याला काय खिळवून ठेवतं हे मोजणारं यंत्र आणि हवं ते बनवून देणारं यंत्र, दोन्ही आता एकाच छताखाली आहेत. विहिरीला तळच उरला नाही.

'बोटं मोजा, सावली बघा' हे सल्ले फार दिवस टिकणार नाहीत. दर नव्या आवृत्तीत त्या चुका कमी होतात. टिकेल ती आपल्या गणिताच्या सरांची सवय. उत्तर बरोबर असलं तरी सर विचारायचे, "पायऱ्या कुठायत?" पायऱ्या नाहीत तर गुण नाहीत. तेव्हा राग यायचा. आज व्हिडिओ आला की मी तेच विचारते. कुणी काढला? कुठे, कधी? मला पाठवणाऱ्याला कुणी पाठवला? उत्तर मिळालं नाही, तर तो माझ्या फोनमध्येच थांबतो.

यंत्र अनोळखी असतं, पण पुढे पाठवणारी मी असते. आई व्हिडिओवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवते. तुमच्या घरीही असं कुणीतरी आहेच.

म्हणून एक विनंती. ग्रुपवर मी पुन्हा काही टाकलं, तर भीड न ठेवता विचारा, "पायऱ्या कुठायत?"