जादूघरातील अर्धा दिवस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



या मालेत आजवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यामागून केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतील एका माणसाने उभे राहावे, आणि तेही संग्रहालय कसे पाहावे हे सांगण्यासाठी, यात थोडे धार्ष्ट्य आहे. मी पुरातत्त्ववेत्ता नव्हे. बी. ए. ला इतिहास होता, एवढेच माझे भांडवल. परंतु या शहरात राहून जी चूक मी स्वतः केली, ती आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून होत असावी, अशी माझी खात्री आहे.

दिवाळीत किंवा मे महिन्यात देशाकडून पाहुणे येतात. त्यांचा कार्यक्रम आपल्या घराघरांत ठरलेला असतो : सकाळी दक्षिणेश्वर आणि बेलूर, दुपारी व्हिक्टोरिया, संध्याकाळी कालीघाट, आणि 'वेळ उरलाच तर' जादूघर. चौरंगीवरच्या भारतीय संग्रहालयाला बंगाली माणूस प्रेमाने जादूघर म्हणतो. ते पाहायचे उरलेल्या वेळात, ही आमची रीत.

माझी पहिली फेरी अशीच झाली. नाताळच्या सुटीतील रविवार, बरोबर सासूबाई, दोन पाहुणे आणि आमची धाकटी मुलगी. अडीच तासांत आम्ही उल्का पाहिल्या, हत्तीचे सांगाडे पाहिले, भुसा भरलेले पक्षी पाहिले आणि इजिप्तच्या ममीसमोरच्या गर्दीत धक्के खाल्ले. तळमजल्यावर एका दालनात लाल दगडाचे उंच कठडे उभे होते. तेथून आम्ही तीन-चार मिनिटांत बाहेर पडलो. सासूबाईंचे पाय सुजले, मुलगी रडली, आणि 'जादूघर झाले' अशी नोंद करून आम्ही घरी आलो. सरकारी भाषेत सांगायचे तर प्रकरण निकाली निघाले.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलगी शाळेतून आली ती हिरमुसलेली. मैत्रिणीच्या आजीने थट्टेत तिला 'बर्गी' म्हटले होते. त्या आजीच्या मनात काही नव्हते. बंगालच्या घराघरांत मुलांना झोपवताना बर्गींची भीती घालण्याची चाल आहे. मुलीने मला विचारले, "बाबा, आपण इथे पहिल्यांदा लुटायलाच आलो का?"

आता १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जे केले, त्याची वकिली मी करणार नाही. बारगीर या आपल्या साध्या शब्दाचा येथे बागुलबुवा झाला, तो विनाकारण झाला नाही. त्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणण्यात आला आणि त्याला मराठ्यांचेच नाव पडले. पुढे बुजवलेल्या त्या खंदकाच्या मार्गानेच आजचा सर्क्युलर रोड बराचसा जातो. आपण रोज त्यावरून ये-जा करतो. मुलीला मी तारखा सांगितल्या. पण तिने तारखा विचारल्या नव्हत्या, हे मला त्याच वेळी कळत होते.

उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दुसरेच काही शोधत असता भारहूतच्या शिलालेखांचा ग्रंथ हाती आला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला. ल्यूडर्स या जर्मन पंडिताचे मूळ काम, आणि ते संशोधून पुरे करणाऱ्या दोघांत एक आपल्या पुण्याचे डॉ. म. अ. मेहेंदळे. मराठी नाव दिसले म्हणूनच मी पाने उलटली, हे कबूल करतो. एका पानावर वाचले : करहकट निगमाचे दान. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे. निगम म्हणजे व्यापारी पेठ. पुढे नाशिकच्या गोरक्षिता नावाच्या बाईने दिलेला एक खांब आला. मग भोजकटची, म्हणजे विदर्भातील, दिगनगा नावाची एक भिक्षुणी आली. हे सारे त्याच लाल कठड्यांवर कोरलेले, ज्यांच्यासमोरून मी तीन-चार मिनिटांत निघून गेलो होतो!

भारहूत हे मध्य प्रदेशात सतन्याजवळ आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास तेथील स्तूपाभोवती हा कठडा उभा राहिला. तो कोणा एका राजाने बांधला नाही. विदिशा, पाटलिपुत्र, कौशांबी अशा गावोगावच्या माणसांनी एकेक खांब, एकेक सूची दिली, आणि ज्याने जे दिले त्यावर त्याचे नाव कोरले गेले. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोचला, तेव्हा आसपासच्या लोकांनी घरे बांधण्यासाठी बहुतेक दगड नेलेले होते. राहिलेले त्याने पुढच्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्यास रवाना केले. म्हणजे दगडांचीही बदलीच झाली म्हणायची. आणि आमच्यासारखाच त्यांनाही परतीचा हुकूम आलेला नाही.

कऱ्हाडचे ते पेठकरी स्वतःस मराठी म्हणवीत नव्हते, हे मला ठाऊक आहे. हा शब्दच त्यांना कळला नसता. शिवाय ते बंगालमध्ये आले नव्हते. त्यांचा दगड आला. तरीही मुलीच्या प्रश्नाला माझ्यापाशी आता एक उत्तर होते, आणि ते तिला दाखवण्याजोगे होते.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. आदल्या रात्री तिच्याबरोबर बसून कागदावर एकच शब्द गिरवला : दानं. ब्राह्मीतला 'न' फार सोपा. एक आडवी रेघ आणि तिच्या मध्यावर उभी रेघ, झाले. 'द'ला बाक आहे, त्याच्या माथ्याशी काना म्हणून एक छोटी आडवी रेघ, आणि शेवटी अनुस्वाराचा टिंब. हाच तो शब्द, ज्याने सबंध लिपीचे कुलूप उघडले. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी, एशियाटिक सोसायटीचा चिटणीस. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवरील लेखांचे ठसे त्याच्यासमोर आले. प्रत्येक लेख छोटा, प्रत्येक निराळा, आणि शेवटची दोन अक्षरे मात्र जवळजवळ सर्वत्र तीच. त्याने तर्क केला की ही देणगीदारांची नावे असावीत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा. कार्यालयीन काम संपवून फावल्या वेळात या माणसाने हे केले. माझ्या फावल्या वेळाचा हिशेब मी आपणास सांगणार नाही.

आता प्रत्यक्ष बेत. सोमवारी संग्रहालय बंद असते. नाताळचा आठवडा आणि सुटीचे रविवार टाळावेत. मेट्रोने पार्क स्ट्रीटला उतरून सकाळी दहाच्या ठोक्याला दारात असावे. आत शिरताच जिना चढू नये. पाय ताजे असताना आधी भारहूतचे दालन, आणि तेथे निदान सव्वा तास. मुलांना प्रथम तो गोल पदकातला प्रसंग दाखवावा, ज्यात माकडे हत्तीला दोर बांधून एका अगडबंब माणसाचा दात उपटत आहेत. (दात की नाकातला केस, यावर पंडितांचे एकमत नाही, मुलांचे लगेच होते.) हसून झाले की जेतवनाच्या खरेदीपाशी जावे. बैल सोडलेली गाडी, जमिनीवर चौकोनी नाणी पसरणारी माणसे, आणि हातात झारी घेऊन उभा असलेला अनाथपिंडिक सावकार. दानावर उदक सोडण्याची आपली चाल किती जुनी आहे, ते त्या झारीवरून घरातल्या वडीलधाऱ्यांना न सांगता कळते. या शिल्पांत बुद्धाची मूर्ती कोठेही नाही. झाड, पाऊले, रिकामे आसन, एवढ्यावरच त्याचे असणे सूचित होते. म्हणून नंतर गांधार दालनात जावे. तेथे बुद्धाला चेहरा आणि चुणीदार वस्त्रे आलेली दिसतात, आणि मधल्या काळात काय घडले हा प्रश्न आपोआप पडतो.

मग मुलांना ममी. ती बक्षीस म्हणून ठेवावी. आधी दाखवली तर पुढचे काही पाहवत नाही, हा माझा अनुभव. वरची चित्रे, खनिजे, प्राणी हे सारे या दिवशी सोडून द्यावे. १८१४ मध्ये सुरू झालेली, आशियातील सर्वांत जुनी म्हणून नावाजलेली ही संस्था एका सकाळीत संपवायची कशाला? तिकीट स्वस्त आहे, आपण येथेच राहतो. कोणात उत्साह उरला असेल तर पलीकडे पार्क स्ट्रीटच्या तोंडाशी एशियाटिक सोसायटी आहे; तेथे अशोकाचा भाब्रूचा लेख आहे.

त्या दिवशी आमच्या मुलीने 'दानं' माझ्याआधी शोधले. एका खांबावर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. मग तिला छंदच लागला. सात ठिकाणी सापडले, आणि पहारेकरी काचेला हात लावू देत नाही म्हणून दूरूनच बोट दाखवून ती मोजत राहिली. दुसऱ्या दिवशी तो कागद तिने शाळेत नेला. त्या मैत्रिणीला पाटलिपुत्राचेही नाव तेथे आहे हे सांगितले, आणि पुढच्या खेपेस आमच्याबरोबर ती मैत्रीण होती, तिची आजीही होती. आजीने वाचलेला बर्गींचा इतिहास माझ्यापेक्षा बराच अधिक होता. परतीच्या वाटेवर तिने मला भास्करपंतांविषयी जे ऐकवले, ते मी निमूटपणे ऐकून घेतले.

चिटणीसांशी बोलून मी येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी मंडळातर्फे एक फेरी ठरवली आहे. पार्क स्ट्रीट स्टेशनच्या दाराशी पावणेदहाला जमावे. मोठ्या पिशव्या आणू नयेत. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्यावी. 'दानं' मी फळ्यावर लिहून ठेवले आहे. जाताना उतरवून घ्यावे.