सुनेचें ताट
(पालकसभेंतील भाषण)

पोर अभ्यासांत मागें पडलें कीं तुम्ही आम्हां मास्तरांकडे बोट दाखवितां. दाखवा; पण आमच्या हातीं तें सहाव्या वर्षीं येतें, आणि त्याची घडण आईच्या पोटांतच सुरू झालेली असते.

१९९३ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायांची पाहणी आरंभिली. आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या त्या. त्यांचीं बाळें सरासरी २.७ किलो भरलीं. इंग्लंडांत साऊथॅम्पटन येथील ३.५. हातपाय काडीसारखे, पण कातडीखालीं चरबी राखलेली. अशा पोरांस पुढें मधुमेहाचा धोका अधिक. गरोदरपणीं दूध, फळें, पालेभाजी वरचेवर खाणाऱ्या बायांचीं बाळें वजनदार निघालीं. पाणी वाहून व शेतांत राबून थकणाऱ्यांचीं लहान.

आतां आपल्या घरांत पहा. दूध डेअरींत, मेथीची जुडी बाजारांत, आणि सून सर्वांमागून उरलेलें खाते. आम्हीही हेंच केलें. आमच्या थोरल्या मुलीच्या वेळीं दारांत दुभती म्हैस होती, तरी तिच्या आईला चहापुरतेंच दूध मिळे. पुढें तीच म्हैस गाभण राहिली, तेव्हां जादा पेंड घालण्यास मात्र आम्ही विसरलों नाहीं!

बापांनो, तुमच्या बिडीचा धूर गरोदर बायकोच्या नाकांत जातो. तिच्या मिश्रीनेंही बाळाचें वजन घटतें. पाण्याची घागर तुम्ही उचला. गांव हंसेल, हंसूं द्या. आणि आशाताईंनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या फडताळांत पडल्या असतील, तर आज घरीं जातांच काढून तिच्या हातीं द्या.