मरणाचा दाखला मागून घ्या, वाचून घ्या
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आणि खरेदीवर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय कोणाला आवडणारा नाही. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या मरणाची सरकारी नोंद कोठे होते, ती कशी शोधायची आणि तिचा दाखला कसा मागायचा, हे मला सांगायचे आहे. अशुभ बोलणे आहे म्हणून कोणी उठून जाऊ नका. तेरवीपर्यंत घर पाव्हण्यांनी भरलेले असते. तेरवी झाली की सोसायटीचा सचिव, बँकेचा साहेब, तलाठी आणि विमावाला असे चौघेही बाईला एकच विचारतात, मृत्यूचा दाखला आहे का? तो नसेल तर तिचा नवरा सरकारच्या लेखी जिवंतच राहतो. कर्ज त्याच्या नावावर वाढत राहते आणि जमीन काही तिच्या नावावर येत नाही.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. माणूस जिथला राहणारा तिथे नोंद होत नाही, जिथे त्याने प्राण सोडला तिथे होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्याचा पायाच हा आहे. घाटंजीकडच्या माणसाला नागपूरच्या मेडिकलमध्ये नेले आणि तो तिथे गेला, तर नोंद नागपूर महानगरपालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीत बारा चकरा मारा, सापडणार नाही. घरी, शेतात, गोठ्यात गेला तर त्या हद्दीची ग्रामपंचायत. वाटेत गाडीतच गेला तर नियमाप्रमाणे गाडी त्यानंतर पहिल्यांदा थांबली ते ठिकाण. ऊसतोडीला किंवा जिनिंगवर परमुलखात गेलेला माणूस तिकडे दगावला तर नोंद तिकडेच. म्हणून प्रेत घेऊन निघण्याआधी दवाखान्याचे नाव, गावाचे नाव आणि तारीख कागदावर टिपून घ्या. वर्षाने आठवत नाही.

घरी मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी घरच्यांची, दवाखान्यात झाला तर दवाखान्याची. मुदत २१ दिवस. मुदतीत कळवले तर विलंबाची फी नाही, आणि २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला दाखला फुकट द्यायचा आहे. फुकट हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव मोठे झाले, कपाट तेच आहे. २१ दिवस उलटले की ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे वर्षभर जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. २०२५ पासून राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची चौकशी फार कडक केली आहे. तेव्हा तेरवीच्या धावपळीत घरातला एक माणूस या कामाला मोकळा ठेवा. आचाऱ्याकडे बघायला चारजण असतात.

दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. सातबाऱ्यावर किसना, आधारावर किसन आणि दाखल्यावर कृष्णा, असे झाले की तीन वेगवेगळी माणसे झाली. दवाखान्यात नाव सांगणारा बहुतेक वेळा शेजारी असतो, त्याला बापाचे नावही धड ठाऊक नसते. फॉर्म भरताना आधारकार्ड आणि सातबारा पुढे ठेवा. चूक राहिलीच तर कायद्यात दुरुस्तीची सोय आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. त्यासाठी पुरावे जोडून लेखी अर्ज द्यावा लागतो.

आता जिथे सगळ्यात जास्त फसगत होते त्या गोष्टीकडे येतो. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते रजिस्टरात असले तरी दाखल्यावर देऊ नये, असे कायद्याचे कलम १७ सांगते. घरचे लोक दाखला घेऊन मदतीच्या अर्जाला जातात आणि तिथे कळते की याने काहीच सिद्ध होत नाही. शेतकरी आत्महत्येच्या मदतीचा शासन निर्णय २३ जानेवारी २००६ चा. रक्कम एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार मुदत ठेवीत. जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे दाखवावे लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आहेत. त्यात साप, वीज, शॉक, फवारणीची विषबाधा हे सगळे बसते. आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू बसत नाही. म्हणजे औषध फवारताना नाकातोंडात गेले की पोटात घेतले, या एका वाक्यावर सगळे ठरते. ते वाक्य दाखल्यावर नसते. ते मर्गच्या कागदात, पंचनाम्यात, जबाबात आणि शवविच्छेदनाच्या अहवालात असते. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून येतो, कधी फार मागाहून.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या आसपास शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. त्या वेळी ज्या घरांनी फवारणीचा पंप, औषधाचे डबे, दुकानाची पावती सांभाळली त्यांना बोलायला काही आधार होता. घर झाडताना डबा उकिरड्यावर टाकू नका. पोलिसांना दाखवा, पंचनाम्यात लिहून घ्या. खोटे लिहा असे मी म्हणत नाही. खरे आहे ते पुरते लिहिले गेले का, हे सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या. रडणाऱ्या बाईचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला जातो, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी, हेही २०२३ च्या दुरुस्तीत आहे. मागितल्याशिवाय मिळेल या भरवशावर राहू नका.

वारसाचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायचा असतो. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली, कारण सातबाऱ्यावर मेलेली माणसे होती आणि वारस बाहेर उभे होते. अर्ज देताना विधवेचे आणि मुलींचे नाव गाळू नका. १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकानंतर ज्यांनी घरधनिणीचे नाव सातबाऱ्यावर आधीच चढवले, त्यांच्या घरी नंतरची ओढाताण कमी झाली.

आता जुन्या मरणांचे. आजा कधी वारला हे वाटणीत किंवा जातीच्या दाखल्याला लागते. आपल्या विदर्भात कोतवाल बुक असे, त्यात कोतवाल गावचे जन्म-मृत्यू नोंदवून घेई. इतरत्र तोच गाव नमुना १४. ही पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही मोडीत आहेत, वाचणारा शोधावा लागतो. अर्जात गाव, नाव, बापाचे नाव आणि अंदाजे साल लिहा. साल ठाऊक नसेल तर ते आधी दुसरीकडून काढा. वर्तमानपत्रातली निधनवार्ता, तेरवीची पत्रिका, सोसायटीचे खाते, वारसाचा जुना फेरफार, यांतून तारीख लागते. निधनवार्ता सरपंचाची छापून येते, कोरडवाहू शेतकऱ्याची क्वचितच. पण जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुन्या अंकांची फाईल असेल तर एक दिवस घालवायला हरकत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यांची नावे असतात. हे कागद दाखल्याच्या जागी चालत नाहीत, पण कोणते पान उलटायचे ते सांगतात.

आणि 'सापडत नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नका. नोंद नसेल तर नमुना १० मध्ये अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र लेखी मिळते, आणि पुढच्या उशिराच्या नोंदीला तेच लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तरीही हलत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने पुढच्या बैठकीला एक यादी आणायची आहे. गावच्या सातबाऱ्यांवर अजून ज्यांची नावे आहेत असे मयत खातेदार किती, त्यांचा मृत्यू कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या साली झाला, दाखला घरात आहे की नाही. पोलीस पाटील आणि अंगणवाडीच्या ताई यांना सोबत घ्या, त्यांना घराघरातले ठाऊक असते. यादी दोन प्रतींत करा, एक तुमच्याजवळ राहू द्या.