त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला
(भाषणाचा मजकूर)



नोकरीत पन्नाशी उलटली की निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडले जातात आणि गावाकडच्या घराची डागडुजी निघते. त्यात गैर काहीच नाही. परंतु कै. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी गाठले, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दादरचे शिशुविहार १९३६ पासून चालू होते आणि ‘शिक्षणपत्रिके’मुळे त्यांचे नाव मराठी शिक्षकांना परिचित झालेले होते. तेथेच त्या थांबल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. आज सर्वजण ‘अंगणवाडी’ हा शब्द सहजपणे उच्चारतात. तो शब्द आणि त्यामागची कल्पना मात्र या उतारवयातील कामातून आली आहे.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थनासमाजाच्या सुधारकी वळणाच्या घरात झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी विवाह होऊन त्या अमरावतीला गेल्या. तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या काळी हे पद हिंदी स्त्रीला सहसा मिळत नसे. पदरी लहान मुलगी होती. या मुलीला कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे, असा साधा, घरगुती प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या आणि त्या घरगुती प्रश्नाचे जन्मभराचे कार्य झाले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात त्या संघाचा वाटा मोठा आहे.

मात्र माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि बालमंदिरे बहुतेक शहरांत, सुस्थितीतल्या घरांतील मुलांसाठी होती. खेड्यातील मुलाचे काय, या प्रश्नाचे उत्तर दादरमध्ये राहून सापडण्यासारखे नव्हते. म्हणून बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले गेले. त्याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात अनुताई वाघ यांची गाठ पडली. त्या पस्तीस वर्षांच्या बालविधवा होत्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून काम करीत होत्या. शाळेची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि ताराबाईंच्या अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, परंतु ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने काढली ती मुले येईनात. कोळीवाड्यातील, हरिजन वस्तीतील आणि पाड्यावरील मुलांच्या आईबापांना पहाटेच कामावर जावे लागे. मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत आणून सोडण्यास घरी कोणी नसे. आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अशा वेळी ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारून अहवाल पुरा करता येतो. पुष्कळ अहवाल असेच पुरे होतात! ताराबाईंनी शेरा मारला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले.

त्यानुसार शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून तेथेच मुले जमवावयाची. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, माती. मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे ही सारी माँटेसरीची तत्त्वे त्यांत होती, फक्त त्यांवर रंगीत लाकडाचा खर्च नव्हता. मुलाची आंघोळ हा अभ्यासक्रमाचा भाग मानला गेला, हे विशेष. शिवाय आया आपल्या डोळ्यांनी सारे पाहत असल्यामुळे त्यांचेही शिक्षण आपोआप होई.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर हलले. ताराबाईंचे वय तेव्हा चौसष्टच्या घरात होते. भोवती वारल्यांचे पाडे. जमीनदार आणि जंगलचे ठेकेदार यांच्या वेठीविरुद्ध याच मुलखात १९४५ पासून वारल्यांचा मोठा लढा झाला होता. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या पांढरपेशा बाईवर पाड्याने लगेच विश्वास टाकावा, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. विश्वास कामातून मिळवावा लागला.

येथे प्रश्न मोठ्या मुलांचा होता. मुलगा गुरे राखतो, मुलगी भावंड सांभाळते. दोघांच्याही श्रमावर घर चालते. तेव्हा गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथेच शिक्षक जात आणि झाडाखाली वर्ग भरे. मुलींसाठी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. बहिणीने तान्हे भावंड पाळणाघरात ठेवावे, मधले बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. मुलींची गळती या विषयावर आजवर पुष्कळ परिषदा झाल्या. त्यांतील किती ठरावांत ‘पाळणाघर’ हा शब्द आला, हे सभासदांनी आपापल्या पंचायतीचे इतिवृत्त उघडून पाहावे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांची जोड मिळाल्याने मूळ कल्पनेला पुष्कळ बळ आले. मात्र नोंदवह्या भरता भरता सेविकेचा दिवस संपू लागला, की गाणी आणि खडे-शिंपले मागे पडतात. इमारतीसाठी जागा निवडतानाही सोयीची म्हणून ती रस्त्यालगत निवडली जाते. दूरच्या पाड्यावरील मूल मग पुन्हा घरीच राहते. पंचायतीपुढे अशा जागेचा विषय येईल तेव्हा तीन वर्षांचे मूल आपल्या पायांनी तेथवर चालत येईल काय, एवढे आधी विचारावे.

गावोगावी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना समारंभात नारळ आणि शाल मिळते. त्यांच्यापैकी कोणी आठवड्यातून एक सकाळ अंगणवाडीत येऊन मुलांना गोष्ट सांगावी, सेविकेला दोन नवे खेळ दाखवावेत, याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही. पंचायतीने एकदा घरी जाऊन विचारले तरी पुरे.

कोसबादचे काम पुढे अनुताईंनी चालविले. त्यांना पद्मश्री मिळाली. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.